पावसाळ्यात फ्लेमप्रूफ मोटर सारखी ट्रिप होते: कुठून शोधायचं आणि कुठे हात आवरायचा

लक्षणं

रात्रभर पाऊस झाला. सकाळी पहिल्या शिफ्टने टँक फार्मचा टोल्युईन पंप लावला आणि सुरू होताहोताच फीडर पडला, म्हणजे पंपाचा वीजपुरवठा आपोआप तुटला. पॅनेलवर ओव्हरलोडचा नव्हे, अर्थ लीकेज रिलेचा (वीज जमिनीकडे गळली की पुरवठा तोडणाऱ्याचा) दिवा लागलेला. कोणीतरी रीसेट मारतं, पुन्हा पडतो, पुन्हा मारतं, मग कसाबसा धरतो. दुपारी ऊन पडलं की मोटर काही झालंच नाही अशा थाटात चालते. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच.

याच दुखण्याची आणखी रूपं आहेत. कधी मोटर ठणठणीत असते, पण शेजारच्या लोकल पुश बटण स्टेशनमुळे कंट्रोलची एमसीबी पडते. कधी फ्लेमप्रूफ दिव्यांची अख्खी रांग एका जंक्शन बॉक्समुळे अंधारात जाते. सकाळी मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारं मीटर) मारला तर अर्धा मेगाओहम, संध्याकाळी पन्नास. झाकण उघडलं की तळाला पाण्याची रेघ, पितळी स्टडवर हिरवट थर, अॅल्युमिनियमच्या आतल्या भिंतीवर पांढरी भुकटी. आणि झाकणाच्या कडेने आधी कोणीतरी भरून ठेवलेलं सिलिकॉन तर हमखास.

ट्रिप भर उन्हाळ्यातही होत असेल किंवा ओव्हरलोड पडत असेल, तर रोग वेगळा. बेअरिंग, जाम झालेला पंप, गेलेला फेज, तिकडे बघा. पुढचं सगळं पावसासोबत येणाऱ्या अर्थ फॉल्टबद्दल आहे. लोटे, महाड, रोहा, तारापूर या रासायनिक कारखान्यांच्या पट्ट्यात मेंटेनन्स करणाऱ्यांना त्याची ओळख करून द्यायची गरज नाही.

झाकणाला हात लावण्याआधी

फ्लेमप्रूफ म्हणजे वॉटरप्रूफ नव्हे. फ्लेमप्रूफ म्हणजे गॅसप्रूफही नव्हे, आणि हे दुसरं अनेक अनुभवी वायरमनलाही ठाऊक नसतं. 'एक्स डी', म्हणजे फ्लेमप्रूफ, डब्यात बाहेरची वाफ शिरणार, असं गृहीत धरूनच तो बनवलेला असतो. आत ठिणगी पडली, आतल्या आत स्फोट झाला, तरी डबा फुटता कामा नये. झाकण आणि डबा जिथे धातूला धातू भिडतात, त्या अरुंद फटीतून जळते वायू बाहेर येताना इतके थंड झाले पाहिजेत की बाहेरची वाफ पेटणार नाही. ही फट म्हणजे फ्लेम पाथ. डब्याची सगळी सुरक्षितता तिच्या लांबीवर, रुंदीवर आणि गुळगुळीतपणावर उभी आहे.

पाणी अडवायचं काम वेगळं. ते ओ-रिंग, ग्लँडचं (केबल डब्यात शिरते तिथल्या जोडाचं) रबर आणि धूळ-पाण्यापासूनचं आयपी रेटिंग बघतात. आपल्याकडे होतं काय, तर पाणी थांबवायच्या घाईत लोक फ्लेम पाथचीच वाट लावतात. ट्रिप थांबते, सगळे खूश. पण डबा आता नुसता जाड डबा उरलेला असतो. म्हणून या फॉल्टला "सुरू झाली ना, मग झालं" हे माप चालत नाही.

त्यामुळे पहिला नियम: अर्थ फॉल्टवर पडलेला झोनमधला (स्फोटक वाफ येऊ शकते अशा भागातला) फीडर न तपासता रीसेट करायचा नाही. प्रत्येक रीसेटबरोबर तुम्ही ओल्या टर्मिनलवर पुन्हा ४१५ व्होल्ट सोडता, तेही अशा डब्यात ज्याच्या झाकणावर आज भरवसा ठेवता येत नाही. उत्पादनवाले मागे उभे राहून घड्याळ बघतील. बघू द्या.

तपासणी १: पॅनेलवर, फुकटात

एमसीसी (मोटरांचे स्विच असलेलं मुख्य पॅनेल) बहुतेक वेळा सुरक्षित भागात असतो, म्हणून सुरुवात तिथून. कोणता रिले पडला, किती वाजता पडला, त्या आधी पाऊस होता का, हे लॉगबुकात बघा. चार-पाच नोंदी शेजारी ठेवल्या की चित्र आपोआप दिसतं. फक्त पावसानंतरच्या सकाळी पडत असेल तर पाणी. लोड वाढला की पडत असेल तर सीबीसीटी (केबलभोवतीची, गळती मोजणारी रिंग) बघा: तिन्ही फेज, आणि न्यूट्रल असेल तर तोही, त्या रिंगमधून गेले आहेत ना? अर्थची वायर चुकून रिंगमधून गेली असेल तर उलटी गंमत होते. फॉल्ट करंट गेला तसाच रिंगमधून परत येतो, बेरीज शून्य होते आणि रिले खऱ्या फॉल्टलाही झोपून राहतो.

ड्राईव्हवरची (वेग बदलणाऱ्या कंट्रोलरवरची) मोटर असेल तर ड्राईव्हच्या फिल्टरमुळे आणि लांब केबलमुळे जमिनीकडे थोडा करंट कायम वाहतो आणि त्याने रिले उगीचच पडू शकतो. पण त्याला पावसाचं वेळापत्रक नसतं.

आता रिलेची सेटिंग बघा आणि शेवटची कोणी, कधी बदलली ते विचारा. ३०० मिलिअॅम्पियरवर असलेला रिले "त्रास देतो" म्हणून १ अॅम्पियरवर नेलेला मी पुष्कळ ठिकाणी पाहिलाय. याने फॉल्ट जात नाही, रिलेचा आवाज तेवढा बंद होतो. ओल्या टर्मिनल ब्लॉकवरून दिवसभर गळती चालू राहिली की त्यावर कोळशाची वाट तयार होते. कोरड्या दिवसातही ती जात नाही आणि एक दिवस फेज-टू-फेज भडका होतो. सेटिंग जिथे होती तिथे परत आणा.

तपासणी २: न उघडता, नुसत्या डोळ्यांनी

परमिट घेऊन, झोनसाठी मान्य असलेली टॉर्च घेऊन जा. मोबाइलचा दिवा नको. मोबाइल गेटवरच ठेवा. डबा उघडायचा नाही, फक्त त्याच्याभोवती फिरायचं. दहाबारा मिनिटांचं काम, पण माझ्या अंदाजाने निम्म्याहून जास्त केसेस इथेच सापडतात.

केबल कुठून येते ते आधी बघा. वरून येऊन सरळ ग्लँडमध्ये घुसत असेल तर पावसाचं पाणी केबलवरून ओघळत ग्लँडवरच येणार. केबल खाली झुकून मग वर ग्लँडमध्ये जायला हवी, म्हणजे पाणी त्या वळणावरून खाली गळतं. क्लिपा काढून हे वळण देता येतं. खर्च शून्य.

मग न वापरलेल्या एंट्री बघा. डबा कारखान्यातून येतो तेव्हा या भोकांना लाल किंवा पिवळ्या प्लास्टिकच्या टोप्या असतात. त्या फक्त वाहतुकीपुरत्या. त्यांच्या जागी प्रमाणित धातूचा स्टॉपिंग प्लग बसवायचा असतो, पण कमिशनिंगच्या गडबडीत टोपी तशीच राहते. दोन उन्हाळ्यांत ती कडक होऊन तडकते आणि पाणी आत. पण पाण्याची गोष्ट इथे दुय्यम आहे. प्लास्टिकची टोपी लावलेला डबा फ्लेमप्रूफ नव्हताच, पहिल्या दिवसापासून. आत भडका झाला तर ती टोपी गोळीसारखी उडेल आणि मागून ज्वाळा येईल. अशी टोपी दिसली तर फीडर बंद करून लॉक करा, पाऊस असो नसो.

झाकणाचे बोल्ट मोजा. आठांपैकी सात असले तर "एकाने काय होतंय" म्हणू नका. आतल्या स्फोटाचा दाब सगळ्या बोल्टांवर मिळून वाटलेला असतो, आणि एक नसला की त्या कडेला झाकण उचललं जाऊन फट वाढते. बोल्ट कोणत्या ग्रेडचा, हे प्रमाणपत्रात लिहिलेलं असतं. हार्डवेअरच्या दुकानातला चालणारा नव्हे, तोच.

शेवटी कॅनपी. मोटरवरचं हे पावसाचं छप्पर गंजून वाकलंय का, टर्मिनल बॉक्स उघडा पडलाय का? वरच्या पाईपचा ड्रेन किंवा पत्र्याची पन्हळ नेमकी डब्यावर गळते का? ही पन्हळ कोणाच्याच यादीत नसते. छत सिव्हिलचं, डबा इलेक्ट्रिकलचा, मधलं पाणी कोणाचंच नाही. आणि कॅनपी नवीन लावणार असाल तर ती झाकणाच्या फटीला खेटून नको. फ्लँजच्या तोंडासमोर भिंत, पाईप, पत्रा यांपैकी काहीही किमान अंतरावर हवं: गॅस ग्रुप (तो काय, ते तपासणी ३ मध्ये) आयआयएसाठी १० मिमी, आयआयबीसाठी ३० मिमी, आयआयसीसाठी ४० मिमी. फटीतून बाहेर पडणाऱ्या गरम वायूला मोकळी जागा मिळाली नाही तर फट असून उपयोग नाही.

तपासणी ३: नेमप्लेट वाचा, आणि तुमच्या एरियाशी जुळवा

हेही फुकट. पण लोक हे अगदी शेवटी करतात, सुटा भाग मागवताना. आधी का, तर पुढे जे काही बदलाल, ग्लँड असो, प्लग असो की अख्खा डबा, ते या पाटीवरून ठरतं.

कारखान्याचा एरिया क्लासिफिकेशनचा नकाशा असतो. नसेल तर ती वेगळी आणि मोठी समस्या आहे. त्यात तीन झोन दिसतात. झोन ० म्हणजे स्फोटक वाफ कायम किंवा बराच काळ असते, जसं टाकीच्या आत द्रवावरची जागा. झोन १ म्हणजे रोजच्या कामात अधूनमधून येऊ शकते: व्हेंटचं तोंड, ड्रम भरण्याची जागा, सँपल पॉइंट. झोन २ म्हणजे सहसा येत नाही, आलीच तर थोड्या वेळापुरती. ढोबळ हिशेबात वर्षाला १,००० तासांच्या वर झोन ०, १० ते १,००० तास झोन १, त्याखाली झोन २. पण हा अंदाज बांधायचा हिशेब आहे, नकाशा काढायचा नव्हे. नेहमीचा एक्स डी डबा झोन १ आणि २ साठी असतो. झोन ० मध्ये 'एक्स आयए' प्रकारची, ठिणगीतच दम नसलेली उपकरणं लागतात. टाकीच्या आतल्या लेव्हल सेन्सरला असला फॉल्ट असेल तर हा लेख बंद करून इन्स्ट्रुमेंटच्या माणसाला बोलवा.

पाटीवरचा पुढचा शब्द गॅस ग्रुप. आयआयएचा नमुना वायू प्रोपेन, आयआयबीचा इथिलीन, आयआयसीमध्ये हायड्रोजन आणि अॅसिटिलीन. जितकी बारीक फटही ज्वाळेला पुरते, तितका ग्रुप कडक. प्रयोगात ज्वाळा पलीकडे न जाऊ देणारी मोठ्यात मोठी फट आयआयएला ०.९ मिमीच्या वर असते, आयआयबीला ०.५ ते ०.९, आयआयसीला ०.५ च्या आत. प्रत्यक्ष डब्यात फट याहून खूपच कमी ठेवलेली असते.

मग टी क्लास, म्हणजे उपकरणाचा पृष्ठभाग जास्तीत जास्त किती तापेल. टी१ म्हणजे ४५० अंश, टी२ ३००, टी३ २००, टी४ १३५, टी५ १००, टी६ ८५ अंश सेल्सिअस. टोल्युईनला आयआयए आणि टी१ पुरतं. हेक्झेनला ग्रुप तोच पण टी३ लागतो, कारण ते सव्वादोनशे अंशांच्या आसपास आपोआप पेटतं. डायइथिल इथर आयआयबी, टी४. हायड्रोजन आयआयसी पण टी१, आणि यावर नवखे चकतात, कारण ग्रुप कडक म्हणजे टी क्लासही कडक असणार असं त्यांना वाटतं. दोन्ही स्वतंत्र आहेत.

हे सगळं ट्रिपच्या तपासात का? कारण आपल्याकडे प्लँट तोच राहतो आणि प्रॉडक्ट बदलतं. चार वर्षांपूर्वी टोल्युईनसाठी लावलेला डबा आज हायड्रोजनेशनच्या रिअॅक्टरशेजारी उभा असू शकतो. अशा डब्याची ओ-रिंग बदलून ट्रिप थांबवणं म्हणजे चुकीची वस्तू नीट दुरुस्त करणं. पाटी गंजून किंवा रंगाखाली जाऊन वाचता येत नसेल तर तीही नोंद करण्यासारखी त्रुटी आहे.

तपासणी ४: मेगर

एमसीसीत फीडर बंद, लॉक आणि टॅग. आउटगोइंग केबल सुटी करून ५०० व्होल्टच्या मेगरने प्रत्येक फेज ते अर्थ मोजा. इथे एक गोष्ट विसरली जाते: मेगर एमसीसीत लावला तरी ते ५०० व्होल्ट केबलमधून झोनमध्येच जातात. ज्या डब्यावर संशय आहे त्यातच ठिणगी पडू शकते. म्हणून मेगरसाठीही परमिट आणि मोटरजवळ गॅस टेस्ट हवी, आणि गॅस मीटर शून्य दाखवत असेल तरच मेगर. टोल्युईनची वाफ हवेच्या तिपटीहून थोडी जड असते, ती खाली साचते. गॅस मीटरचं नाक कंबरेच्या उंचीवर धरून परत येऊ नका. डाईकमध्ये (टाकीभोवतीच्या बांधात), गटारात, पंपाच्या फाउंडेशनच्या कोपऱ्यात धरा. टोल्युईनची खालची स्फोटमर्यादा हवेत जेमतेम १.१ टक्के आहे, म्हणजे वासाने अंदाज घ्यायचं हे काम नव्हे.

मोजून झाल्यावर केबल अर्थ करून डिस्चार्ज करा. लांब केबल मेगरचा चार्ज धरून ठेवते.

आजच्या लो व्होल्टेज मोटरचं वाईंडिंग निदान ५ मेगाओहम हवं, आणि चांगल्या मोटरला शेकडो येतात. तिन्ही फेज एकसारखे कमी दिसले तर ओल सगळीकडे आहे. एकच फेज पडलेला असेल तर टर्मिनलवर एखादी ठरावीक जागा आहे, बहुतेक ग्लँडच्या बाजूची. केबल आणि मोटर वेगवेगळी मोजायची तर डबा उघडावा लागतो, तेव्हा पुढे.

तपासणी ५: डबा उघडणे

लॉक, टॅग, परमिट, गॅस टेस्ट, आणि टर्मिनलवर व्होल्टेज नाही याची खात्री, या क्रमाने. ड्राईव्हची मोटर असेल किंवा पाटीवर "बंद केल्यावर इतकी मिनिटं थांबा" असं लिहिलं असेल तर तेवढं थांबा. अँटी-कंडेन्सेशन हीटर असेल तर त्याचा पुरवठा वेगळ्या एमसीबीवरून येतो आणि मोटर बंद झाली की तो उलट चालू होतो. मुख्य फीडर लॉक करून निश्चिंत झालेल्यांना हाच झटका बसतो.

झाकण काढायला स्क्रू ड्रायव्हर फटीत घालून उचकटू नका. बहुतेक झाकणांना त्यासाठी जॅकिंग बोल्टचं भोक असतं. स्क्रू ड्रायव्हरने फ्लेम पाथवर पडलेला एक ओरखडाही कायमचा असतो. काढलेलं झाकण फ्लेम पाथ वर करून स्वच्छ कापडावर ठेवा, जमिनीवर नाही.

आता लगेच पुसू नका. आधी पाण्याची रेघ बघा. ओघळ वरच्या कडेने आलाय तर झाकण किंवा ओ-रिंग. ग्लँडच्या भोवतीच हिरवट डाग तर ग्लँड. भिंतींवर सगळीकडे बारीक थेंब आणि तळाला थोडंसं पाणी तर बाहेरून आलेलंच नाही: दिवसा गरम झालेली हवा रात्री थंड झाली, डब्याने बाहेरची दमट हवा आत ओढली आणि तिचं पाणी झालं. फोटो काढायचा तर त्या झोनसाठी मान्य कॅमेरा लागतो. नसेल तर कागदावर चित्र काढा, पुरतं.

ओ-रिंग खाचेत बसलेली असते आणि फ्लेम पाथ तिच्यापासून वेगळा, धातूला धातू राहतो. ती चपटी झाली, कडक झाली, तुटली तर उत्पादकाचीच त्याच मापाची घाला. पण जिथे उत्पादकाने गॅस्केट दिलेलं नाही तिथे रबर शीट कापून घालायचं नाही, कधीच नाही. त्या शीटच्या जाडीएवढी फट तुम्ही स्वतःच्या हाताने तयार करता, आणि भडका झाला की रबर पहिल्या क्षणी उडतं. पाणी थांबतं म्हणून हा उपाय लोकप्रिय आहे. सिलिकॉन आणि एम-सीलचंही तेच. ते फटीत वाळतं, पुढच्या वेळी झाकण नीट बसत नाही, खरवडताना फ्लेम पाथ जातो. आंबट वास येणारं सिलिकॉन तांब्यालाही खातं. शिवाय सिलिकॉनची वाफ कॅटॅलिटिक प्रकारच्या गॅस डिटेक्टरला विष आहे. शेजारचा डिटेक्टर हळूहळू आंधळा होतो आणि शून्य दाखवत राहतो.

ग्लँड: इथे जरा थांबा

मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये पाणी येण्याचं माझ्या अनुभवातलं एक नंबरचं कारण ग्लँड. आणि ग्लँडमध्येही बहुधा आट्यांचा घोळ.

आपल्याकडे जुन्या डब्यांना पाऊण इंच, एक इंच 'ईटी' (इंचातल्या इलेक्ट्रिकल थ्रेड) आट्यांच्या एंट्री असतात, नव्यांना मेट्रिक, आणि परदेशी मशीनबरोबर आलेल्यांना एनपीटी, म्हणजे अमेरिकन निमुळते आटे. स्टोअरमध्ये तिन्ही एकाच खोक्यात. पाऊण इंच ईटीचा बाहेरचा व्यास १९.०५ मिमी. एम२० चा २० मिमी. आट्यांचं अंतरही जवळजवळ सारखं, ईटीला इंचात सोळा आणि एम२० ला दीड मिमी. त्यामुळे ईटीचा ग्लँड एम२० च्या भोकात फिरत फिरत जातो, शेवटी चेकनट आवळला की घट्टही वाटतो. प्रत्यक्षात आटे एकमेकांना नुसते टेकलेले असतात. पाणी तर तिथून येतंच, पण ती आट्यांची वाट हासुद्धा फ्लेम पाथच आहे. डबा मोकळा असताना ग्लँड हाताने बसवून हलवून बघा. खडखड झाली की आटे वेगळे.

किमान पाच पूर्ण आटे आत गेले पाहिजेत. टेफ्लॉन टेप गुंडाळून ढिला ग्लँड घट्ट करू नका. मापात फरक असेल तर प्रमाणित अॅडॅप्टर लावा, एका एंट्रीला एकच, एकावर एक नाही. आणि भोक मोठं करायला ड्रिल तर मुळीच नाही.

मग केबल. डबल कम्प्रेशन ग्लँडची आतली रिंग केबलच्या आतल्या आवरणावर आणि बाहेरची बाहेरच्या आवरणावर घट्ट बसली पाहिजे. ग्लँडची माप-पट्टी आणि केबलचा व्यास व्हर्नियरने जुळवा. सैल रिंगखाली इन्सुलेशन टेपचे वेढे देऊन भरलेला ग्लँड सापडला तर तो बदला, पुन्हा आवळू नका. आर्मर (केबलचं लोखंडी कवच) गंजलेला असेल तर पाणी केबलच्या आतूनच येतंय. केबलची वरची बाजू, ट्रेवरचा जॉइंट, तिथे जा.

फ्लेम पाथ आणि परत बंद करताना

दोन्ही पृष्ठभाग मऊ कापडाने आणि मान्य क्लीनरने पुसा. पॉलिश पेपर, कानस, वायर ब्रश नको. हलका डाग निघाला तर ठीक. खड्डा दिसला, बोटाला लागला, तर इथेच थांबा. फ्लेम पाथवर रंग लागलेला असेल तर तोही दोष, कारण पेंटर मोटर रंगवताना झाकण उघडं असेल तर कडाही रंगवून जातो.

न वाळणारं, डब्याच्या उत्पादकाने मान्य केलेलं ग्रीस पातळ थरात लावा. गंज आणि पाणी दोन्ही थोपतात. बोल्ट समोरासमोर, सांगितलेल्या टॉर्कने. बंद केल्यावर फिलर गेज चहूबाजूंनी फिरवा. किती फट चालते हे तुमच्या डब्याच्या प्रमाणपत्रात किंवा ड्रॉइंगमध्ये असतं, शेजारच्या डब्याचा आकडा चालत नाही.

दवाचं पाणी असेल तर औषध वेगळं. मोटरला हीटर आहे का, आणि असला तर चालू आहे का? पुष्कळदा त्याची एमसीबी वर्षानुवर्षं बंद असते. हीटर नसेल तर प्रमाणित ब्रीदर-ड्रेन (हवा आणि पाणी सोडणारा प्लग) बसवता येतो का ते उत्पादकाला विचारा. तळाला बारीक भोक पाडून पाणी काढणारे महाभाग आहेत. त्या भोकामुळे डब्याचं प्रमाणपत्र तिथल्या तिथे रद्द.

ओली मोटर सुकवायला हॅलोजन किंवा हीट गन झोनमध्ये नेऊ नका. मोटर सोडवून वर्कशॉपमध्ये आणा. आणि डब्यात पाणी हटवणारा स्प्रे मारून लगेच झाकण लावू नका. बऱ्याच स्प्रेंमधला वायू ज्वलनशील असतो आणि तुम्ही तो ठिणगीच्या शेजारी कोंडून ठेवता.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

फ्लेम पाथवर खड्डे किंवा ओरखडे. तडकलेला डबा, घासलेले आटे. सुकवूनही मेगर न चढणारी मोटर. यातलं काहीही असेल तर नेहमीच्या रिवाइंडिंगवाल्याकडे पाठवू नका, तो कितीही जुना आणि चांगला असला तरी. फ्लेमप्रूफ मोटरच्या दुरुस्तीचं मानक आयएस/आयईसी ६००७९-१९ आहे. त्यानुसार काम करणारं आणि दुरुस्तीची नोंद देणारं वर्कशॉपच लागतं. वाईंडिंग बदललं की तापमान बदलू शकतं, म्हणजे टी क्लास बदलू शकतो. बेअरिंगचं घर घासलं की शाफ्टची फट बदलते.

प्रॉडक्ट किंवा सॉल्व्हंट बदलला असेल, नकाशा जुना असेल, किंवा पाटी आणि एरिया जुळत नसेल, तर तो निर्णय मेंटेनन्सचा नाही. प्रोसेस सेफ्टी आणि एरिया क्लासिफिकेशन करणाऱ्या तज्ज्ञाचा. पेट्रोलियम नियमांखालच्या जागेत नवीन उपकरण नागपूरच्या पेसोची (पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेची) मान्यता असलेलंच हवं, आणि खरेदी विभागाने आणलेलं "सेम टु सेम" मॉडेल प्रमाणपत्र हातात येईपर्यंत लावू नका. ड्राईव्हवर नेलेली मोटर ड्राईव्हसाठी प्रमाणित नसेल तरीही थांबा.

आणि गॅस मीटरने काहीही दाखवलं, अगदी खालच्या स्फोटमर्यादेच्या ५ टक्केही, तर विद्युत दुरुस्ती तिथेच संपली. आधी गळती शोधायची.

चालू करताना

फीडर लावण्याआधी मेगर पुन्हा मारा आणि आकडा, तारीख, हवामान लिहून ठेवा. दोन्ही अर्थ जोडण्या घट्ट आहेत ना ते बघा. मग पहिल्या मोठ्या पावसानंतरच्या सकाळी, मोटर सुरू करण्याआधी, एमसीसीतून गॅस टेस्ट आणि परमिटसह पुन्हा मोजा. आकडा तोच राहिला तर पाणी थांबलं. उतरला तर बहुधा झाकण ठीक असतं आणि पाणी केबलमधून येत असतं; ट्रेवरच्या पहिल्या जॉइंटपासून सुरू करा.